बोटाला बांधलेला दोरा

सांगलीच्या डॉक्टरांनी माझा खालचा ओठ बाहेर ओढला, आत बॅटरीचा उजेड टाकला आणि बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मी गावात दूध संकलन केंद्र चालवते. दुधात पाणी निघालं की मशीनकडं बघणारा माणूस आधी गप्प होतो, हे मला रोजच्या कामातून ठाऊक आहे. त्यामुळं डॉक्टर गप्प झाले तेव्हाच मी काय ते ओळखलं. ओठाच्या आत, जिथं मी तीस वर्षं मिश्री लावत आले, तिथं नखाएवढा पांढरा डाग पडला होता. "दिवसातून किती वेळा लावता?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "चार." खरं तर सहा. त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्यानं निकाल आला. "अजून कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले, आणि 'अजून' हा शब्द त्यांनी मला नीट ऐकू जाईल असा उच्चारला. "तीन महिन्यांनी या. मिश्री बंद असेल तर डाग उतरायला लागेल. चालू असेल तर मला पुढचं बघावं लागेल."

ज्यांनी मिश्री पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरडून पूड करायची, डबीत भरून कमरेला खोचायची, आणि उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं दातांवर आणि हिरड्यांवर घासायची. आमच्या गल्लीत निम्म्या बायका लावतात. पुरुषांची तंबाखू हे व्यसन, आमची मिश्री म्हणजे नुसतं दात घासणं, असं आम्हीच ठरवून टाकलेलं. मी लग्न होऊन या घरात आले त्या वर्षी दाढ दुखत होती म्हणून एकीनं लावायला दिली. दाढ कधीच काढून टाकली, मिश्री राहिली. सकाळी उठल्याबरोबर लागायची, नाहीतर पोट साफ होत नसे. केंद्रावरचं दूध गेलं की लागायची, जेवल्यावर, चार वाजता, संध्याकाळचं दूध गेल्यावर आणि झोपताना.

मी फार देवभक्त बाई नाही. आमचे हे लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेत, आता ऊस बघतात. त्यांच्या घरची रीत म्हणून महिन्यातल्या एका गुरुवारी आम्ही औदुंबरला दत्ताच्या पादुकांना जातो. मी नमस्कार करते, प्रसाद घेते, परत येते. काही मागायचं असलं तर आधी आपल्या हातात काय आहे ते बघावं, असं माझं मत होतं. म्हणून निकाल कळल्यावर पहिले चार दिवस मी स्वतःच्या हिमतीवर मिश्री बंद करून बघितली. डोकं ठणकलं, पोट दगड झालं, केंद्रावर दोन बायकांना मी विनाकारण फाडून खाल्लं. पाचव्या दिवशी सकाळी डबी पुन्हा कमरेला होती.

शेजारची हौसाक्का माझ्याच वयाची, माझ्याच डबीतली मिश्री लावणारी. ती म्हणाली, "नुसतं सोडते म्हणून सुटत न्हाई बाय. शपथ घाल. लेकाची घाल, मग बघ हात धजतोय का."

आमच्याकडं बायका असंच सोडतात. आपल्याजवळ जे सगळ्यात मोठं आहे ते देवासमोर ठेवायचं. माझा एकुलता एक मुलगा अमोल लष्करात आहे, उत्तरेकडं डोंगरातल्या एका चौकीवर. त्या गुरुवारी औदुंबरला मी पादुकांसमोर उंबऱ्यावर डोकं टेकलं आणि म्हणाले, "परत मिश्रीला बोट लावलं तर अमोलची शपथ." उठले तेव्हा अंग हलकं झालं होतं. एखादं काम कायमचं मार्गी लागल्यासारखं वाटलं. घरी येऊन डबी हौसाक्काला देऊन टाकली. त्या रविवारी अमोलचा नेहमीसारखा फोन आला. ह्यांनी त्याला माझ्या तोंडाचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. शपथेचं मात्र, डबी घेताना हौसाक्कानं ओळखलं तेवढंच; बाकी मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते मी आणि देव यांच्यातलं होतं.

अकरा दिवस निभावले. बाराव्या दिवशी केंद्रावर एकाच्या दुधाला फॅट कमी लागलं, म्हणजे भावही कमी. तो चिडला. "वैनी, मशीन बघून आकडा लिवता का आमचं त्वांड बघून?" रांगेतले लोक हसले. मी त्याला जे बोलायचं ते बोलले, पण ते हसू कानातून जाईना. कॅन गाडीत गेले तसं मी बाहेर आले. हौसाक्का कट्ट्यावर बसली होती, मी तिच्या शेजारी टेकले आणि झालेलं तिला सांगायला लागले. सांगता सांगता तिचा चेहरा बदलला. "अगं बाय! आन शपथ?" ती म्हणाली. माझं बोट तोंडात होतं. तिची डबी उघडी माझ्या मांडीवर होती. मी ती कधी उचलली, कधी उघडली, मला खरोखर ठाऊक नाही. मी ठरवून काही केलंच नव्हतं. म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

त्या रविवारी अमोलचा फोन आला नाही.

मी लावला तर नंबर संपर्काच्या बाहेर. ह्यांना सांगितलं, "आवं, फोन लागत न्हाई." हे म्हणाले, "नेटवर्क नसंल. आमच्या टायमाला पत्र म्हैन्यानं यायचं, तवा काय कुणी मेलं न्हाई." ते हसले आणि वाढलेलं जेवायला लागले. मला त्यांच्यासमोर बसवेना. मी कशाची शपथ मोडली होती ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि सांगायची माझी छाती नव्हती.

त्यानंतरचे आठ दिवस मी कसे काढले ते लिहिताना आजही हात जड होतो. कुणाला वाटेल, एवढी भीती बसल्यावर बाईनं डबीकडं बघितलंही नसेल. उलट झालं. भीती वाटली की माझा हात डबी शोधायचा. लावली की घटकाभर जीव थंड व्हायचा, आणि मग पुन्हा तीच शपथ मोडली म्हणून दुप्पट भीती. ती निववायला पुन्हा मिश्री. हे शेतावर गेले की मी मागच्या दारी तवा टाकून तंबाखू भाजायची, दुसऱ्या एका डबीत भरायची, धुराचा वास जावा म्हणून वरून मिरची परतायची. सहाच्या नऊ वेळा झाल्या. ओठाच्या आतला डाग जिभेला खरखरीत लागायला लागला. बातम्या लावायची हिंमत होत नव्हती आणि बंद ठेवायचीही नाही. पोस्टमनची सायकल वाजली तरी मी चुलीजवळून उठून दाराशी यायची.

दुसऱ्या रविवारीही फोन आला नाही.

आमच्याकडं शपथ घालणाऱ्यानंच ती सोडवायची असते. लहानपणी खेळात कुणी शपथ घातली की आम्ही त्याच्या मागं लागायचो, "सुटली म्हण, सुटली म्हण." तो 'सुटली' म्हणेपर्यंत शपथ अंगावर असते. माझी शपथ मीच घातली होती, देवाच्या दारात. ती सोडवायला कुणाच्या मागं लागायचं? सोमवारी सकाळचं दूध रवाना केलं, ह्यांना "जरा औदुंबरला जाऊन येते" म्हणाले आणि एसटीत बसले. डबी बरोबर घेतली होती. ती देवासमोर कृष्णेत टाकायची, माफी मागायची, असं ठरवलं होतं.

सोमवार असल्यामुळं गर्दी नव्हती. पादुकांसमोर मी उभी राहिले आणि मला शब्द सुचेना. "चुकलं," एवढंच म्हणाले, पुन्हा पुन्हा. काही झालं नाही. उंबरांच्या सावलीतून मी घाटावर उतरले. डबी काढली. आणि मनात आलं, हे पाणी खालच्या गावांची माणसं पितात, ह्यात तंबाखू टाकायची नाही. आता वाटतं, ती नुसती सबब होती. पायरीवर बसले आणि झाकण उघडलं. देवाच्या घाटावर बसून मी पुन्हा तेच करणार होते.

"डबी हाय व्हय गं?" बाजूनं आवाज आला.

दोन पायऱ्या वर एक म्हातारी बसली होती. वाळलेली, नऊवारी, पायांत रबरी चप्पल. मी काही न बोलता डबी पुढं केली. तिनं ती नाकाजवळ नेली, डोळे मिटून खोल वास घेतला, झाकण लावलं आणि परत दिली.

"लावा की आजी," मी म्हणाले.

"न्हाई गं. वास घ्याय मागितली. चार वर्सं झाली सोडून. अजून वास आला की जीव तिकडं जातुया बग." ती हसली. हिरड्या काळ्या होत्या, दात चार. "तू सोडाय आलीस न्हवं हितं?"

मी डबी पदराखाली घेतली.

"शपथ कुणाची घातलीस? लेकाची का मालकाची?"

मी विचारलं, "तुमाला कसं कळलं?"

"त्यात काय कळायचं? समद्या बाया हेच करत्यात. मी बी थोरल्याची घातली हुती. मोडली. मग त्याला नुसता खोकला आला तरी मी डबी घिऊन गोठ्यात." ती पुढं वाकली. "आगं, देवानं लेकराला वलीस धरलंय व्हय? त्यो काय डाकू हाय?"

मला रडू आलं नाही, मी रडणारी नाही. पण मी तिला सगळं सांगितलं. ह्यांना सांगितलं नव्हतं ते पायरीवरच्या परक्या बाईला सांगितलं. तिनं मधे एकच विचारलं, "नाव काय लेकाचं?" मी सांगितलं. तिनं माझा हात धरला, देवळाच्या दिशेनं तोंड केलं आणि बाजारात भाजीचा भाव सांगावा तशा सरळ आवाजात म्हणाली, "अमोलची शपथ सुटली. सुटली. सुटली. आता तू म्हण."

मी म्हणाले.

मग तिनं मला कामाची गोष्ट सांगितली. "समदं सोडते म्हणू नगंस. नेमाच्या सहा येळा हायत न्हवं? सगळ्यात हलकी कंची? ती एक दे देवाला. ती पचली की दुसरी. सकाळची लय चिवट, ती शेवटाला." तिच्या हातात प्रसादाच्या हाराचा तुकडा होता. त्यातलं फूल काढून तिनं दोरा ओढला आणि माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला, शेंड्याजवळच्या पेराला, दोन वेढे देऊन बांधला. "बोट त्वांडाकडं गेलं की ह्यो व्हटाला लागंल. मग जरा थांब. लावायची तर लाव, कुणी मारत न्हाई. पर ठरवून लाव."

तेवढ्यात वरून कुणीतरी हाक मारली, "आजे, चला! चाक बसवलं!" ती उठली. मी विचारलं, कुठल्या तुम्ही. "मेढ्याकडच्या. दर्शन सकाळीच झालं हुतं, पार निगालो हुतो. फाटकातच गाडी पंक्चर. म्हणून म्हटलं, बसावं पाण्याकडं बगत." गुडघ्यावर हात ठेवत ती पायऱ्या चढून गेली. मी तिचं नाव विचारलं नाही. ते सुचलं तेव्हा जीप रस्त्याला लागली होती. त्या पंक्चरला काय म्हणायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

बुधवारी अमोलचा फोन आला. "आई, नेटवर्क नव्हतं," तो म्हणाला. आवाज बारीक वाटला, पण मी खोदलं नाही. फोन ठेवून मी रिकाम्या कॅनवर बसले आणि दहा मिनिटं तशीच बसून राहिले. शपथ सुटली म्हणून फोन आला, असं मी कुणाला सांगत नाही. मला एवढंच ठाऊक आहे की फोन यायच्या आधीच, सोमवारच्या संध्याकाळपासून, मला नीट श्वास घेता येत होता.

दोरा पहिल्याच दिवशी ओठाला लागून लागून काळा पडला. तेव्हा मला जे दिसलं ते तीस वर्षांत दिसलं नव्हतं. बोट तोंडाकडं जायचं तेव्हा निम्म्या वेळी मला मिश्री नकोच असायची. कुणी टोचून बोललं की बोट वर. दोन कॅनच्या मधे हात मोकळा राहिला की बोट वर. ह्यांच्याशी बोलायचं टाळायचं असलं की बोट वर. चार वाजताची वेळ सगळ्यात हलकी होती. ती मी देवाला दिली. देणं म्हणजे काय, तर चार वाजले की "ही वेळ तुझी" म्हणायचं, तोंडात चिमूटभर बडीशेप टाकायची आणि कॅन घासायला बसायचं. आठ दिवसांनी केंद्रावरची एक दिली. मग जेवणानंतरची. दर गुरुवारी देवघरातल्या हाराचा नवा दोरा बांधायचा.

मधे एकदा पुतणीच्या हळदीत बायकांच्या घोळक्यात मी लावली. दोरा ओठाला लागला, थांबले, आणि ठरवून लावली. घरी येताना रस्ताभर फोन बघत होते, आता काय होतंय म्हणून. काही झालं नाही. कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जिथं होते तिथून सुरू केलं. त्या दिवशी मला ह्या सगळ्याची चावी सापडली. आधी एकदा बोट चुकलं होतं तर मी नऊ वेळांपर्यंत घसरले होते, कारण एका चुकीत मुलाचा जीव होता. आता चूक म्हणजे नुसती चूक होती. ती धुऊन पुढं जाता येत होतं.

सकाळची वेळ मात्र आजी म्हणाली तशीच चिवट निघाली. गरम पाणी पिऊन अंधुक उजेडात उसाच्या बांधाला दोन चकरा मारल्याशिवाय पोट ऐकत नसे. पाचव्या-सहाव्या दिवशी मी बांधावर उभी राहून देवाला मोठ्यानं म्हणाले, "मला जमत न्हाई, तू बघ." आणि बघायला तिथं कुणी नव्हतं म्हणून चालत राहिले. ती प्रार्थना होती की वैताग, कोण जाणे. पण तो दिवस गेला.

तीन महिन्यांनी सांगलीला गेले तेव्हा हे बरोबर होते. डॉक्टरांनी ओठ ओढला, उजेड टाकला आणि पुन्हा गप्प झाले. ह्यांनी माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. "उतरलाय," डॉक्टर शेवटी म्हणाले. "गेला नाही, पण निम्म्याहून कमी आहे. असंच ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा." बाहेर आल्यावर हे म्हणाले, "चहा घिऊया." त्यांचा आवाज फाटला होता. चहाच्या टपरीच्या बाकावर मी त्यांना शपथेचं सांगितलं. कप खाली ठेवून ते म्हणाले, "मला तर सांगायचंस."

पुढच्या महिन्यात अमोल रजेवर आला. सकाळी मी त्याच्यापुढं चहा ठेवला तसं त्यानं माझा हात धरला. "आई, बोटाला काय हे?" मी त्यालाही सगळं सांगितलं. "तुला न इचारता तुला देवापुढं ठेवला मी. आन शपथ मोडली. माफ कर," म्हणाले. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. चहाला हात लावला नाही.

"आई," तो म्हणाला, "मी तिकडं तंबाखू खातो. दोन वर्षं झाली. बाबांनी तुझ्या तोंडाचं सांगितलं त्या रात्री मी सोडली. तुझी शपथ घालून."

"मग?"

"सहा दिवस टिकली." तो जमिनीकडं बघत होता. "तुला फोन आला नाही त्यातल्या पहिल्या आठवड्यात खरंच नेटवर्क नव्हतं. दुसऱ्या रविवारी खाली आलो होतो. फोन लागत होता. हातात घेतला आणि ठेवून दिला. तू उचलला नाहीस तर, असं वाटलं."

मी एकीकडं आणि तो दुसरीकडं, दोघांनी एकमेकांना देवापुढं तारण ठेवलं होतं, आणि दोघं एकमेकांच्या जिवाला भिऊन डबीजवळ बसलो होतो. मी उठले. देवघरात सकाळचा हार होता, त्याचा दोरा काढला. "तंबाखू मळतोस कशानं?" विचारलं. त्यानं उजवा अंगठा पुढं केला. अंगठ्याला गाठ नीट बसेना, म्हणून दोनदा मारली. मग म्हणाले, "माझी शपथ सुटली."

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

मी पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदाही म्हणाले.

देवापुढं काय ठेवायचं, एवढं मला आता समजलंय. जे माझं नाही ते ठेवायचं नाही. मुलगा माझा असला तरी त्याचा जीव माझा नाही. माझी आहे ती एक वेळ, एक बोट, एक सकाळ. मेढ्याकडच्या आजी, तुम्ही हे वाचणार नाही, तुम्हाला वाचता येत असेल की नाही तेही मला ठाऊक नाही. तरी घाटाच्या दिशेनं तोंड करून रोज एकदा तुमची आठवण काढते. आजची सकाळ देऊन झाली आहे. उद्याची उद्या देईन.